मेंदूच्या दारावरची गर्दी: तान्ह्या बाळांतील अमिनो आम्लांचे विकार घरी सांभाळताना

बाळंतीण घरी येण्याआधीच स्वयंपाकघरात मेथीचे आणि डिंकाचे लाडू वळून तयार असतात. मेथीच्या दाण्यात सोटोलोन नावाचे एक अतिशय तीव्र वासाचे संयुग असते. ते आईच्या शरीरातून बाळापर्यंत पोचते आणि मग बाळाच्या लंगोटाला, दुपट्याला जळक्या साखरेसारखा, पाकासारखा गोड वास येऊ लागतो. नेमका हाच वास मेपल सिरप युरिन डिसीज या जन्मजात चयापचय विकारात बाळाच्या लघवीला आणि कानातल्या मळाला येतो. सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात पाच दिवसांच्या बाळाच्या दुपट्यांना असा वास येत होता आणि आजी म्हणत होत्या, “लाडवांचा वास आहे, दुसरं काय!” आजींचे म्हणणे बहुतेक घरांत खरेच ठरते. या घरात मात्र बाळ दूध ओढेनासे झाले होते, त्याचे रडणे बारीक झाले होते आणि उचलले की ते कमानीसारखे मागे वळत होते. वासाचा अर्थ नाकाने लावू नये, बाळाच्या वागण्यावरून आणि रक्ताच्या तपासणीवरून लावावा, ही गोष्ट त्या दिवसापासून मी प्रत्येक कुटुंबाला पहिल्या भेटीतच सांगते.

पुण्यात अशा बाळांच्या आहाराचे नियोजन करणे हे माझे काम आहे. निदान झाल्यावर पालक जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुतेक वेळा “कोणते पदार्थ बंद करायचे?” असा असतो. त्या प्रश्नाला उत्तर आहे, पण तो प्रश्न अपुरा आहे. या विकारांत मेंदूला होणारी इजा ताटातल्या एका पदार्थामुळे होण्यापेक्षा रक्तातील अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात त्या घटकांचे, आपसातले प्रमाण बिघडल्यामुळे होते, आणि ते प्रमाण बिघडवणारा सर्वांत मोठा साठा डब्यात किंवा ताटात नसून बाळाच्या स्वतःच्या स्नायूंत असतो. पुढचे सगळे त्याला धरूनच आहे. लेखातील आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. तुमच्या बाळाचे आकडे त्याच्या चयापचयतज्ज्ञांनी लिहून दिलेलेच असले पाहिजेत.

आधी दार समजून घ्यावे

मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तातील अमिनो आम्ले मेंदूत आपोआप झिरपत नाहीत. त्यांना वाहक प्रथिने आत नेतात. त्यांपैकी एलएटी-१ नावाचा वाहक फेनिलअलानिन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, मेथिओनिन आणि हिस्टिडिन अशा मोठ्या, विद्युतभार नसलेल्या अमिनो आम्लांसाठी एकच दार आहे. निरोगी माणसाच्या रक्तातही या दारावरच्या जागा जवळजवळ भरलेल्याच असतात, त्यामुळे एकाची संख्या वाढली की इतरांना जागा मिळत नाही. दिवाळीच्या आदल्या दिवशी स्वारगेटला एसटीच्या दाराशी जे घडते, तेच इथे घडते: गाडी भरून सुटते, पण ज्यांनी जायला हवे होते ते खालीच राहतात.

फेनिलकीटोन्युरियात फेनिलअलानिनचे टायरोसिन करणारे एन्झाइम काम करत नाही. या वाहकाला फेनिलअलानिनची ओढ सर्वांत जास्त असल्याने ते दार अडवून बसते. टायरोसिन कमी पोचले की डोपामिन कमी तयार होते, ट्रिप्टोफॅन कमी पोचले की सिरोटोनिन कमी तयार होते, मेंदूतील प्रथिननिर्मिती मंदावते आणि चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण नीट बनत नाही. १९३४ साली नॉर्वेत आसब्यॉर्न फॉलिंग यांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइड घातल्यावर आलेल्या हिरव्या रंगावरून हा विकार ओळखला, तो त्या मुलांच्या आईने उत्तरासाठी धरलेल्या चिकाटीमुळे. त्या दोघांना उपचार मिळण्याची वेळ मात्र केव्हाच निघून गेली होती. कमी फेनिलअलानिनच्या आहाराने मूल सुधारते, हे हॉर्स्ट बिकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले.

मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन शाखायुक्त अमिनो आम्लांचे विघटन अडते. त्यांतले ल्युसिन मेंदूला सर्वांत घातक असते, कारण ते दोन्ही बाजूंनी मारा करते. एकीकडे ते दारावर गर्दी करते. दुसरीकडे, एरवी मेंदू ज्या ल्युसिनमधून नायट्रोजन घेऊन ग्लुटामेट बनवतो, त्याच ल्युसिनचे कीटोआम्ल (ल्युसिन मोडताना बनणारे आम्ल) साठल्यावर ही प्रक्रिया उलटी फिरते, आणि ग्लुटामेट तसेच त्यापासून होणारी गाबा व ग्लुटामिन ही द्रव्ये मेंदूत घटतात. त्यावर मेंदूला सूज येण्याचा धोका असतोच. अमोनियाचे युरिया करणारी यंत्रणा, म्हणजे युरिया चक्र, बिघडलेल्या विकारांत दाराऐवजी अमोनियाचा प्रश्न असतो: मेंदूतील तारकापेशी अमोनिया पकडून त्याचे ग्लुटामिन करतात, ते पेशीत साठते, पाणी ओढून घेते आणि पेशी फुगतात.

दोन अपवाद इथेच सांगून टाकते, कारण त्यांचे पालक हा लेख वाचून उगाच ताटाच्या मागे लागतील. नॉनकीटोटिक हायपरग्लायसिनेमियात ग्लायसिन मोडणारी यंत्रणा मेंदूतच बिघडलेली असते, त्यामुळे आहार बदलून फारसा फरक पडत नाही. तिथे सोडियम बेंझोएट आणि डेक्स्ट्रोमिथॉर्फन ही औषधे वापरतात, आणि झटक्यांवरचे व्हॅल्प्रोएट टाळतात. सेरिन तयार न होण्याच्या विकारांत तर अडचण नेमकी उलट, म्हणजे कमतरतेची असते आणि सेरिन बाहेरून देणे हाच उपचार असतो. डोक्याचा घेर लहान असलेल्या आणि झटके येणाऱ्या बाळात तो शोधायचा, तर उपाशीपोटी घेतलेले रक्त किंवा मणक्यातील पाणी तपासावे लागते.

पहिली पायरी: नमुना वेळेवर आणि नीट

आपल्याकडे सर्व नवजात बाळांची चयापचय विकारांसाठी देशभर सक्तीची चाळणी होत नाही. पुण्यातील अनेक खासगी रुग्णालयांत ती मागितली तर होते, म्हणून प्रसूतीआधीच विचारून ठेवावे. टाचेतून घेतलेल्या रक्ताचे ठिपके फिल्टर पेपरवर वाळवून टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी, म्हणजे एकाच नमुन्यात अनेक विकार शोधणाऱ्या तपासणीसाठी, पाठवतात. हा नमुना जन्मानंतर २४ ते ७२ तासांत घ्यावा. २४ तासांच्या आत घेतलेल्या नमुन्यात, बाळाच्या पोटात पुरेसे दूध गेलेले नसल्याने, विकार निसटू शकतो. रक्त चढवायचे असेल तर त्याआधी नमुना घेतला गेला पाहिजे.

बाळ आजारी दिसत असेल तर चाळणीच्या अहवालाची वाट पाहत बसू नये. सुस्ती, दूध न ओढणे, उलट्या, झटके, सायकल चालवल्यासारख्या पायांच्या हालचाली यांपैकी काहीही दिसले आणि जंतुसंसर्गाचा पुरावा सापडत नसेल, तर रक्तशर्करा, रक्तातील आम्लता, लघवीतील कीटोन, अमोनिया, रक्तातील अमिनो आम्ले आणि लघवीतील सेंद्रिय आम्ले यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी, असा आग्रह पालकांनी नम्रपणे पण ठामपणे धरावा. मेपल सिरप युरिन डिसीजची खात्री रक्तातील अलोआयसोल्युसिन या आयसोल्युसिनच्या वेगळ्या रूपावरून होते; मेथी खाल्लेल्या आईच्या बाळात ते वाढलेले नसते.

अमोनियाच्या नमुन्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे. हे रक्त दंडाला पट्टा आवळून न ठेवता, सहज वाहते असे घ्यायचे असते. नळी लगेच बर्फात ठेवायची असते आणि शक्यतो पंधरा-वीस मिनिटांत प्रयोगशाळेत तिच्यातला प्लाझ्मा वेगळा करायचा असतो. एका बाळाची नळी एका प्रयोगशाळेच्या खिडकीवर तासभर तशीच पडून राहिली आणि खोटा वाढलेला अमोनिया आला. त्या रात्री त्या आईवडिलांची काय अवस्था झाली ते मी पाहिले आहे. नवजात बाळात नीट घेतलेल्या नमुन्यात अमोनिया १५० मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर असेल, तर ती तातडीची बाब असते. नमुना कसा घेतला याची शंका असेल तर तो लगेच पुन्हा घ्यावा, पण तेवढ्यासाठी उपचार थांबवू नयेत.

फेनिलअलानिन वाढलेले आढळले तर आहार सुरू करतानाच आणखी एक तपासणी मागावी. थोड्या बाळांत एन्झाइम धड असते, पण त्याला लागणारे टेट्राहायड्रोबायोप्टेरिन हे सहद्रव्य तयार होत नाही. डोपामिन आणि सिरोटोनिन बनवायलाही तेच सहद्रव्य लागते, त्यामुळे या बाळांची रक्तातील पातळी केवळ आहाराने खाली आली, तरी मेंदू उपाशीच राहतो. त्यांना वेगळी औषधे लागतात.

दुसरी पायरी: रोजचा हिशेब

प्रथिने पूर्ण बंद करणे हा उपचार नव्हे. फेनिलअलानिन आणि ल्युसिन ही दोन्ही अत्यावश्यक अमिनो आम्ले आहेत. ती शरीराला बनवता येत नाहीत आणि ती मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून मिळवते. म्हणून बाळाला झेपेल तेवढे नैसर्गिक प्रथिन आईच्या किंवा वरच्या दुधातून द्यायचे आणि उरलेली गरज त्या विशिष्ट अमिनो आम्लाविना बनवलेल्या वैद्यकीय फॉर्म्युल्यातून भागवायची, अशी विभागणी असते.

एक उदाहरण मांडते. पाच किलोच्या बाळाला फेनिलकीटोन्युरिया आहे. डॉक्टरांनी दिवसाला २०० मिलिग्रॅम फेनिलअलानिन आणि एकूण १२.५ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली आहेत. आईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण १.१ ग्रॅम प्रथिने, ४८ मिलिग्रॅम फेनिलअलानिन आणि ६८ किलोकॅलरी धरल्या, तर २०० मिलिग्रॅम फेनिलअलानिन सुमारे ४१७ मिलिलिटर दुधातून मिळेल. त्यातून ४.६ ग्रॅम प्रथिने येतील. उरलेली ७.९ ग्रॅम फॉर्म्युल्यातून द्यायची. १०० ग्रॅम पावडरमध्ये १३ ग्रॅम प्रथिने असतील तर दिवसाला ६१ ग्रॅम पावडर लागेल. दूध आणि पावडर मिळून ५७० किलोकॅलरी होतात, म्हणजे किलोमागे ११४, आणि या वयात तेवढ्या पुरतात.

हे प्रत्यक्षात आणायला आईचे दूध काढून मोजत बसावे लागत नाही. दिवसाचा फॉर्म्युला साधारण ४०० मिलिलिटर होत असेल, तर सात वेळा प्रत्येकी ५५ ते ६० मिलिलिटर फॉर्म्युला आधी पाजावा आणि त्यानंतर बाळाला हवे तेवढे अंगावर पिऊ द्यावे. पोट आधीच अर्धे भरलेले असल्याने बाळ अंगावरचे दूध आपोआप कमी पिते. अहवालातील पातळी वाढली तर फॉर्म्युला थोडा वाढवायचा, फार उतरली तर कमी करायचा. निदानानंतर “आईचे दूध बंद” असे परस्पर सांगणारे नातेवाईक पुण्यात मुबलक आहेत. त्यांचे ऐकण्याआधी हा हिशेब त्यांना दाखवावा. आईच्या दुधात गाईच्या दुधाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकेच प्रथिन असते, त्यामुळे या बाळांसाठी नैसर्गिक प्रथिनाचा तो सर्वांत सोयीचा स्रोत ठरतो. मेपल सिरप युरिन डिसीजमध्येही पातळी स्थिरावल्यावर हाच मार्ग वापरता येतो, पण तिथे चुकीला वाव फार कमी असल्याने अनेकदा दूध काढून मोजूनच देतात.

पावडर चमच्याने मोजू नये. ही माझी स्वतःची चूक आहे, म्हणून सांगते. सुरुवातीच्या काळात एका कुटुंबाला मी चिठ्ठीवर ग्रॅमऐवजी “सपाट चमचे” लिहून दिले. दुसऱ्या महिन्यात आलेल्या डब्यातला चमचा लहान होता, घरच्यांनी संख्या तीच ठेवली आणि तीन आठवडे बाळाला फॉर्म्युला कमी पडत राहिला. फॉर्म्युला कमी पडला म्हणून बाळ अंगावर जास्त प्यायले, आणि पातळी दुप्पट होईपर्यंत कोणालाही कळले नाही. बोहरी आळीत मिळणारा एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा, भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग पावडर घालावी.

मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये आणखी एक बारकावा आहे, आणि तो अनुभवी माणसांकडूनही निसटतो. ल्युसिन उतरवण्यासाठी आहार कडक केला की आयसोल्युसिन आणि व्हॅलिन आधी संपतात. ती संपली की नवीन प्रथिन बनणेच थांबते, मग शिल्लक ल्युसिनला जायला जागा उरत नाही आणि पातळी उतरता उतरता मध्येच अडून बसते. त्याच वेळी मेंदूच्या दारावर व्हॅलिन आणि आयसोल्युसिनची स्पर्धा कमी झाल्याने उरलेले ल्युसिन अधिक सहज आत शिरते. म्हणून ही दोन अमिनो आम्ले वेगळी द्यावी लागतात. प्रत्येकाची १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवली की प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम येते आणि सिरिंजने मोजणे सोपे होते; बाटल्यांवर वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावाव्यात, कारण दोन्ही द्रावणे पाण्यासारखीच दिसतात. बाळाच्या ढुंगणाभोवती आणि तोंडाभोवती लाल, सोललेले चट्टे दिसू लागले तर ते लंगोटाचे पुरळ समजून मलम लावत बसू नये. आयसोल्युसिन कमी पडल्याचे ते चिन्ह असू शकते.

फेनिलकीटोन्युरियात टायरोसिनचे तसेच असते. ते फॉर्म्युल्यात मुद्दाम जास्त घातलेले असते, म्हणून “पातळी छान आहे, मग फॉर्म्युला अर्धाच पाजला तर चालेल” हा विचार चुकीचा आहे. दिवसाचा फॉर्म्युला एकदम न पाजता दिवसभरात विभागून द्यावा.

तिसरी पायरी: घरून रक्ताचे ठिपके

पहिल्या वर्षात फेनिलकीटोन्युरियासाठी साधारण दर आठवड्याला आणि मेपल सिरप युरिन डिसीजसाठी दर आठवड्याला किंवा त्याहून जास्त वेळा तपासणी लागते. टाचेच्या कडेला टोचावे, मधोमध टोचू नये. पहिला थेंब पुसून टाकावा, दुसऱ्या मोठ्या थेंबाने कागदावरचे वर्तुळ एकदाच, एकाच बाजूने भरावे. ठिपक्यावर ठिपका टाकला तर आकडा खोटा वाढतो. कार्ड आडवे, उन्हापासून आणि पंख्याच्या झोतापासून दूर, किमान तीन-चार तास वाळवावे. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये चार तासांत ते वाळत नाही. रात्रभर ठेवावे आणि पाकिटात सिलिका जेलची पुडी घालून पाठवावे. नमुना दर वेळी एकाच वेळेस घ्यावा, कारण रात्रीच्या उपासानंतर सकाळी फेनिलअलानिन दिवसातल्या सर्वांत वरच्या पातळीवर असते आणि सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून काही अर्थ निघत नाही.

अहवाल हातात आला की आधी एकक पाहावे. फेनिलअलानिनचे १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे सुमारे ६०.५ मायक्रोमोल प्रति लिटर, आणि ल्युसिनचे १ मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ७६. मागच्या वेळी ६ आणि या वेळी ३६३ वाचून एका वडिलांनी मला रात्री अकराला फोन केला होता. पातळी होती तिथेच होती, बदलली होती फक्त प्रयोगशाळा. फेनिलअलानिन १२० ते ३६० मायक्रोमोलमध्ये ठेवायचे असते. लहान मुलांत ल्युसिन साधारण ७५ ते २०० आणि आयसोल्युसिन व व्हॅलिन २०० ते ४०० मध्ये असावे. १२० च्या खाली गेलेल्या फेनिलअलानिनवर पेढे वाटू नयेत. त्या पातळीला वाढ खुंटते आणि शरीर स्वतःचे प्रथिन मोडू लागते.

चौथी पायरी: ताप, उलट्या आणि लंघन

“लंघनम् परमौषधम्” हे आपल्या घरांत इतके मुरलेले आहे की ताप आलेल्या मुलाला चार घास कमी दिले तर कोणालाच काही वाटत नाही. मेपल सिरप युरिन डिसीज, युरिया चक्राचे विकार आणि सेंद्रिय आम्लांचे विकार असलेल्या बाळासाठी मात्र हे लंघन घातक ठरते. पोटात साखर गेली नाही की शरीर काही तासांत स्नायू मोडायला घेते, आणि स्नायूंत ल्युसिनचा केवढा साठा आहे याचा विचार केला तर चुकून खाल्लेला वरणभाताचा एक घास त्यापुढे किरकोळ वाटतो. ताप, जुलाब, दात येताना नकोसे झालेले दूध, लसीनंतरची कणकण, शस्त्रक्रियेआधीचा उपास या सगळ्यांत तीच प्रक्रिया सुरू होते. लस टाळायची नाही. लसीनंतर दोन दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचे.

फेनिलकीटोन्युरियाच्या पालकांनी इथे घाबरू नये. तापात त्यांच्या बाळाचे फेनिलअलानिन वाढते, पण त्यामुळे बाळ अचानक बेशुद्ध होत नाही. फॉर्म्युला आणि साखरेचे पातळ पदार्थ चालू ठेवावेत, एवढे पुरते.

इतरांनी बाळ आजारी पडण्याची वाट न पाहता तातडीचा आहार आधीच लिहून घेऊन फ्रिजच्या दारावर लावावा. साधारण पद्धत अशी असते: पहिल्या वर्षात १० टक्के, दुसऱ्या वर्षात १५ टक्के आणि त्यानंतर दहा वर्षांपर्यंत २० टक्के कर्बोदकाचे द्रावण, दर दोन तासांनी, रात्रीही. आठ महिन्यांच्या आणि आठ किलोच्या बाळाला किलोमागे १५० मिलिलिटरप्रमाणे दिवसाला १२०० मिलिलिटर द्यायचे असेल, तर त्यात १२० ग्रॅम ग्लुकोज पॉलिमर (ग्लुकोजच्या साखळ्यांची पावडर) लागेल आणि दर दोन तासांनी १०० मिलिलिटर पाजावे लागेल. रात्री दोनचे पाजणे कोण करणार हेही त्याच कागदावर लिहावे. माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळा तेच चुकते.

दुकानात मिळणाऱ्या ओआरएसवर भिस्त ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे दीड टक्क्याहूनही कमी. जुलाबात पाणी आणि क्षार भरून काढायला ते उत्तम आहे. स्नायू मोडणे थांबवायला ते पुरेसे नाही. पेजेचे आणि “वरणाच्या पाण्याचे” तर नावच नको, कारण वरणाच्या पाण्यात डाळ उतरलेलीच असते.

आजारपणात नैसर्गिक प्रथिन निम्मे किंवा पूर्ण बंद करतात, पण ते २४ ते ४८ तासांपुरतेच. त्याहून लांबले तर उपायच अपाय होतो. मेपल सिरप युरिन डिसीजमध्ये फॉर्म्युला, व्हॅलिन आणि आयसोल्युसिन या काळातही चालूच ठेवायचे असतात. सलग दोन वेळचे द्रावण उलटून पडले, बाळ नेहमीपेक्षा झोपाळू झाले, चालणाऱ्या मुलाचा तोल जाऊ लागला किंवा ते विनाकारण चिडचिडे, विचित्र वागू लागले, तर घरचे प्रयोग थांबवून रुग्णालय गाठावे.

सोबत डॉक्टरांच्या सहीचे तातडीचे पत्र असावे, आणि ते पहिल्याच वाक्यात काय करायचे ते सांगणारे असावे. अपघात विभागातील तरुण डॉक्टरांनी हा विकार प्रत्यक्ष पाहिलेला नसण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा पत्र पुढे करणे जास्त उपयोगी पडते. त्यात लगेच १० टक्के डेक्स्ट्रोज सुरू करणे, मेंदूला सूज येऊ नये म्हणून कमी सोडियमचे सलाइन टाळणे, अमोनिया किंवा ल्युसिन लगेच पाठवणे, अहवाल येईपर्यंत उपचार न थांबवणे आणि डायलिसिसची सोय कुठे आहे हे लिहिलेले असावे. हडपसरहून किंवा चिंचवडहून संध्याकाळी सहाला निघाले तर वाहतुकीत किती वेळ जाईल, याचा अंदाज घेऊन गाडीतही द्रावणाची बाटली ठेवावी.

पाचवी पायरी: उष्टावण आणि त्यानंतरचे ताट

उष्टावणाचा समारंभ रद्द करण्याचे काही कारण नाही. साबुदाणा पाण्यात शिजवून, साखर आणि चमचाभर तूप घालून केलेली खीर चालते, कारण साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतेच. पण उपवासाचे म्हणजे कमी प्रथिनाचे, हा समज लगेच सोडून द्यावा. राजगिऱ्यात १०० ग्रॅममागे १३-१४ ग्रॅम आणि शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी कुटाशिवायच करावी लागते आणि घरातल्या इतरांची नाराजी पत्करावी लागते. तूरडाळीत सुमारे २२, गव्हाच्या पिठात ११-१२, तांदळात ७-८ ग्रॅम प्रथिने असतात. भात मोजून देता येतो, वरण बहुतेकांना झेपत नाही. फेनिलकीटोन्युरियात दुधी, भोपळा, गाजर, सफरचंद, चिकू अशा भाज्या-फळे बहुधा न मोजता चालतात. बटाटा, मटार, मका आणि पालक मोजावे लागतात. पहिल्या वर्षात मध कोणत्याच बाळाला देऊ नये, आणि गुटीत उगाळलेला बदाम या बाळांना तर नकोच.

“शुगर फ्री” औषधे आणि पेये यांच्या वेष्टनावर अॅस्पार्टेम आहे का ते वाचावे. त्यातून फेनिलअलानिन सुटते, आणि लहान मुलांच्या सिरपमध्येही ते कधीकधी असते. गणपतीच्या दहा दिवसांत सोसायटीतला प्रत्येक जण बाळाच्या हातावर पेढा ठेवायला टपलेला असतो. आपल्या खिशात खडीसाखर ठेवावी आणि देणाऱ्याच्याच हातून ती द्यायला लावावी.

कागदपत्रे, पैसे आणि पुढचे मूल

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात विशेष फॉर्म्युल्यावर सांभाळता येणाऱ्या या विकारांचा समावेश आहे आणि २०२२ पासून मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये आहे. ही मदत ठरवून दिलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते. त्यांपैकी एक म्हणजे मुंबईत परळचे केईएम रुग्णालय. पुण्यात रास्ता पेठेत त्याच नावाचे वेगळे रुग्णालय आहे, आणि नावाच्या गोंधळात एक फेरी वाया गेलेली कुटुंबे मला भेटली आहेत. जनुकीय अहवाल, निदानाच्या वेळचा अमिनो आम्लांचा अहवाल आणि आहाराची चिठ्ठी यांच्या प्रती एकाच धारिकेत ठेवाव्यात.

फेनिलकीटोन्युरिया आणि मेपल सिरप युरिन डिसीज हे विकार दोन्ही पालक सदोष जनुकाचे वाहक असल्यावरच होतात, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भारपणात तो २५ टक्के शक्यतेने पुन्हा येतो. मामाच्या किंवा आत्याच्या घरात झालेल्या लग्नात दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते; ही माहिती जनुकतज्ज्ञांपासून लपवू नये, आणि त्यावरून सुनेला बोल लावण्याचा तर प्रश्नच नाही. ओटीसी कमतरता हा युरिया चक्राचा विकार मात्र एक्स गुणसूत्रावरचा आहे, त्याचा हिशेब वेगळा असतो. आजारी बाळाचा जनुकदोष नक्की माहीत असेल तर पुढच्या गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते. ती करायची नसेल किंवा वेळ निघून गेली असेल, तर बाळाचा नमुना जन्मानंतर कोणत्या तासाला घ्यायचा, तो कोणत्या प्रयोगशाळेत कोण पोचवणार आणि अहवाल येईपर्यंत बाळाला काय पाजायचे, हे बालरोगतज्ज्ञांकडून आधीच लिहून घ्यावे. फॉर्म्युल्याचा डबा प्रसूतीच्या तारखेआधी किमान तीन आठवडे घरात आलेला असावा, कारण तो बहुधा परदेशातून मागवावा लागतो आणि बाळ तारखेची वाट पाहीलच असे नाही.